एक फोटो बाद

४ जानेवारी, रविवार

माझा झोपेतला फोटो काढला! दुपारी जेवून खुर्चीत जरा टेकलो होतो. पेपर छातीवर, बनियन वर सरकलेला, तोंड उघडं. एक चप्पल पायात, दुसरी कुठं गेली माहीत नाही. खट्ट आवाज झाला म्हणून डोळे उघडले तर समोर सूनबाई फरशीवर पालथी पडलेली, कॅमेरा डोळ्याला. "पप्पा, हलू नका, उजेड काय सुरेख पडलाय." उजेड माझ्या तोंडात पडला होता.

तेजस्वी लग्नांचे फोटो काढते, ते तिचं पोटापाण्याचं काम. आता मात्र शाहू स्मारकाच्या कलादालनात प्रदर्शन भरवायचं म्हणते — तिचं पहिलंच. विषय काय, तर आमचं घर. "रोजचं. जसं आहे तसं." मी म्हणालो, जसं आहे तसं बघायला लोक कशाला येतील? त्यांच्याही घरात जसं आहे तसंच असणार की. ती हसली आणि तेवढ्यात माझा बोलतानाचा एक काढून मोकळी झाली.

उभा जन्म हायस्कुलात पीटी शिकवली. दरवर्षी वर्गाचे फोटो मीच उभे केले. उंच मागं, बुटके पुढं, गुंड्या लावलेल्या, हात मांडीवर, श्वास रोखून. फोटो म्हणजे तो. त्यात कोण जांभई देताना सापडला तर मी त्याला मैदानाला चक्कर मारायला लावायचो.

७ जानेवारी, बुधवार

आजवरचे फोटो लॅपटॉपवर बघितले. दाखवत नव्हती, दम दिला तेव्हा दाखवले.

मिशी कातरताना मी जीभ बाहेर काढतो, हे मला या वयात कळलं. एका फोटोत वजनकाट्यावर उभा आहे आणि एका हातानं हळूच खिडकीचा गज धरलाय. एकात समोरच्या कुत्र्यावर शिट्टी फुंकतोय. (निवृत्त झालो तरी शिट्टी गळ्यात असते. असू दे.) आमचे चिरंजीव विश्वजित बँकेत साहेब आहेत — इथं टॉवेलवर उभे राहून शेंगदाणे खातायत. आणि आमची ही, मालन, चटणीची मिरची निवडताना शिंकतेय. नाक वर, डोळे गच्च मिटलेले, आता घर हलणार अशी शिंक. ती स्वतःचं ते रूप बघून इतकी हसली की पदर तोंडात धरावा लागला.

मला हसू आलं नाही. म्हणजे आलं, पण मी अंगणात जाऊन हसलो.

८ जानेवारी, गुरुवार

एक गोष्ट मात्र त्या कॅमेऱ्याला सापडता कामा नये. म्हणून इथं लिहून ठेवतो की सावध राहायचं आहे.

मालनचा उजवा खांदा गणपतीपासून जखडला आहे. हात खांद्याच्या वर जात नाही. स्वयंपाक करते, भाकरी थापते, पण वर काही घ्यायचं म्हटलं की हात अडकतो. पहिल्या दिवशी ती फणी घेऊन आरशापुढं नुसती बसून राहिली. तेजस्वीला सांग म्हणालो, तर म्हणाली, "पोरगी उजाडायच्या आत कामाला जाती. तिच्या मागं कशाला लावू?" मग म्हणाली कापूनच टाकते. केस कंबरेच्या खाली आहेत तिचे. लग्नात बघितले तेव्हापासून तसेच. मी फणी ओढून घेतली.

पहिली वेणी मी स्काउटच्या गाठीनं बांधली. पक्की बसली. इतकी पक्की की संध्याकाळी रिबीन कात्रीनं कापावी लागली. "केस हायती, दोरखंड न्हाय," ही म्हणाली. आता मात्र हात बसलाय. मधोमध भांग, गुंता खालून वर काढायचा, तीन पेड सारख्या जाडीचे. रोज सकाळी खोलीचं दार लावून, कडी घालून. हंबीररावापर्यंत हे गेलं तर झालंच.

हंबीरराव म्हणजे माझा तालमीतला जोडीदार. पोलिसात हवालदार होता, आता तालमीच्या कट्ट्यावर बसून पेठेचा कारभार बघतो. गेल्या वर्षी कट्ट्यावरच्याच आकारामानं बायकोची साडी वाळत घातली, तेवढी ह्यानं बघितली. महिनाभर त्याला "वैनीसाब" म्हणून हाक मारत होते सगळे. आकाराम आता दुसऱ्या कट्ट्यावर बसतो. मला या वयात दुसरा कट्टा शोधायचा नाही.

१२ जानेवारी, सोमवार

मालनचा व्यायाम. डॉक्टरनं सांगितलंय — भिंतीसमोर उभं राहून बोटं मुंगीसारखी वर चढवायची. मी भिंतीवर पेन्सिलीनं खूण करतो. शिट्टी मारली की सुरू, शिट्टी मारली की बंद.

"शाळंत पोरं तुम्हाला का भीत व्हती ते आता कळलं," ही म्हणते.

खूण दिवाळीपर्यंत चांगली वर सरकत होती. तिथून पुढं हलायला तयार नाही. रोज त्याच जागी बोटं येतात आणि ही म्हणते, "बास, दुखतंय." तेल बदललं, शेक बदलला. काही उपयोग नाही. मी आयुष्यात खांदा गेलेली पोरं परत गोळाफेकीला उभी केली आहेत, आणि घरातला एक हात वर जाईना. मिरजेला मोठे डॉक्टर आहेत, त्यांना दाखवायचं म्हणतोय. हिला घाई नाही. "जाऊया की सावकाश."

आजऱ्याहून विहीणबाईंनी काजूचे लाडू पाठवलेत. मला गोड बंद आहे, त्यामुळं डबा आला तसा मालनच्या ताब्यात गेला. पण तेवढ्यात मी हात मारलाच. जुन्या पितळी डब्यात घालून कोठीच्या खोलीत सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलेत. तिथं हिचा हात पोचत नाही. खांदा जखडल्याचा एवढाच एक फायदा.

१५ जानेवारी, गुरुवार

घात झाला.

१६ जानेवारी, शुक्रवार

काल लिहायचीही इच्छा नव्हती. आज लिहितो.

संक्रांत झाली तरी थंडी हटत नाही. काल विश्वजित बँकेत गेला, तेजस्वी इचलकरंजीला लग्नाला म्हणून निघाली. घर मोकळं. मालन म्हणाली, खोलीत गारठा आहे, मागच्या पायरीवर उन्हात बसूया. मलाही पटलं. ती खालच्या पायरीवर, मी वरच्या. रिबीन दातात धरलेली, तेलाची वाटी शेजारी. दुसरा पेड हातात होता आणि मागून — खट्ट.

बॅटरी विसरली म्हणून परत आली होती!

मी म्हणालो, पुसून टाक. ती कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघत राहिली. डोळ्यात पाणी होतं तिच्या. मला काय करावं कळेना. रिबीन अजून दातातच. मालन मात्र मान न वळवता म्हणाली, "अगं, आधी त्यास्नी वेणी पुरी करू दे. सुटंल."

१९ जानेवारी, सोमवार

कलादालनातल्या कुणा बाईंना तेजस्वीनं सगळे फोटो दाखवले. बाई म्हणाल्या, वेणीचा फोटो निमंत्रणपत्रिकेवर छापा!

मी जेवणावरून उठलो. आमटी तशीच ठेवली. म्हणालो, माझ्या पेठेत मला तोंड दाखवायचं आहे. विश्वजित म्हणाला, "पप्पा, त्यात काय वाईट हाय?" त्याला सांगितलं, तुझ्या साहेबाच्या केबिनमध्ये तो टॉवेलातला शेंगदाण्याचा फोटो लावतो, मग बोल. त्यानं भाकरी मोडायला घेतली.

तेजस्वी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणात मी जिंकतो. म्हणाली, "पप्पा, असं करूया. पत्रिकेवर दुसरा छापते. आणि सगळे प्रिंट तयार झाले की आधी तुम्हाला दाखवते. त्यातला एक फोटो तुम्ही बाद करायचा. कुठलाही. का, ते मी विचारणार नाही. पण एकच. मग बाकीच्यांवर कुरकुर नाही."

मी म्हणालो, कबूल. कुठला बाद होणार हे तिलाही माहीत, मलाही. तरी तिनं हात पुढं केला आणि मी टाळी दिली. मालन साक्षीदार. "मास्तरांचा शब्द हाय. फिरायचा न्हाय."

मग आमटी गरम करून घेतली.

२० जानेवारी, मंगळवार

तेजस्वी नेहमीसारखीच बोलते. त्यानं जास्त त्रास होतो.

२३ जानेवारी, शुक्रवार

लाडू कमी होतायत!

आधी वाटलं मीच खाल्ले असतील. पण माझं खाणं शिस्तीचं असतं. परवा डब्याचं झाकण उलटं बसलेलं. आज डबा फळीच्या कडेला सरकलेला. वरच्या फळीला हात पोचणारे घरात तिघं — मी, विश्वजित, तेजस्वी. मी नाही. तेजस्वी गोड खात नाही. राहिला कोण?

विश्वजितला बोलावून विचारलं. तो म्हणाला, "कसला डबा?" चेहरा असा केला की कुणालाही खरा वाटावा. बँकेत हेच शिकवतात वाटतं. मालन पलीकडं कोथिंबीर निवडत होती. म्हणाली, "पोराला कशाला बोलताय? आणि तुम्हाला गोड बंद हाय न्हवं? मग डबा कुणाचा?"

चौकशी तिथंच थांबवावी लागली.

२५ जानेवारी, रविवार

आज वेणी घालताना मालननं तिच्या माहेरची एक गोष्ट सांगितली. गगनबावड्याकडं तिचं गाव. पावसात शाळेला जाताना तिची आई तिची वेणी तेलानं अशी थापून घालायची की पाणी आत शिरायचं नाही. शाळेत पोरं तिला "छत्री" म्हणायची. इतक्या वर्षांच्या संसारात हे मला माहीत नव्हतं. तिच्या मानेवर डाव्या बाजूला तीळ आहे, तोही गणपतीनंतरच कळला.

समोरासमोर बसलो की आम्ही भांडतो. म्हणजे मी ओरडतो आणि ती भांडी वाजवते. पण ती पुढं तोंड करून बसली आणि मी मागं, की बोलणं सुरू होतं. माझंही. शाळा सुटल्यावर पहिल्या वर्षी मला घरात काय करावं ते कळायचं नाही, रोज सकाळी गेटपर्यंत जाऊन परत यायचो — हे मी तिला तिच्या भांगाकडं बघत सांगितलं. तोंडाकडं बघून जमलं नसतं. ती म्हणाली, "मला ठाऊक हाय. मी खिडकीतनं बघायची."

हिचा हात बरा झाला की हे काम सुटेल. सुटायलाच पाहिजे, मिरजेचा नंबरही मी पुढच्या महिन्याचा घेतलाय. पण खरं सांगायचं तर मला चुकल्यासारखं होणार आहे. फार होणार आहे.

वेणी झाल्यावर ती म्हणाली, "त्यो फोटू बाद करणार व्हय?" मी म्हणालो, करणारच. तर म्हणाली, "करा. तुमचा शब्द हाय. पण भितीवरचं आपलं समदं फोटू बघा जरा. लग्नातला, बारशातला, तुमच्या निरोपाचा. समद्यात तुम्ही कॅमेऱ्याकडं बघताय. ह्यो एकच हाय, माझ्याकडं बघताय त्यो."

आणि उठून चहा टाकायला गेली.

२६ जानेवारी, सोमवार

भिंतीवरचे फोटो बघितले. खरं आहे.

३० जानेवारी, शुक्रवार

कट्ट्यावर गेलो होतो. बसायच्या आत हंबीरराव म्हणाला, "मास्तर, तुमच्या घरचं परदर्शन हाय म्हणं शाहू स्मारकात. आम्हाला आवतण न्हाय व्हय?" मी म्हणालो, पोरांचं काहीतरी असतंय, तिथं बघण्यासारखं काही नाही. "न्हाय कसं? सूनबाईचं पहिलं परदर्शन. समदी तालीम येणार. फेटं बांधून येतो बघा."

फेटे बांधून! डोळ्यासमोर आलं. सगळी तालीम रांगेनं उभी, भिंतीवर मी, दातात रिबीन. हंबीरराव खिशातून चष्मा काढतोय, पुसतोय, लावतोय.

मग तो म्हणाला, "मास्तर असं घामाघूम का झालाय? थंडी हाय की." मी म्हणालो, स्वेटर जाड आहे. स्वेटर घातलेलाच नव्हता.

१ फेब्रुवारी, रविवार

उद्या प्रिंट येणार. मालन म्हणाली ते डोक्यातून जात नाही. पण फोटो घरात लावता येईल. आमच्या खोलीत, कपाटाच्या आतल्या बाजूला. हिला म्हणालो तसं. ही म्हणाली, "कपाटात कशाला, पिशवीत घालून ठेवा."

ते काही असो. वेणीचा फोटो बाद. ठरलं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

काल संध्याकाळी तेजस्वीनं सगळे प्रिंट आमच्या पलंगावर मांडले. मालन स्वयंपाकघरात होती. मी चष्मा लावला. वेणीचा सगळ्यात मोठा होता, त्याच्यावर बोट ठेवणार तेवढ्यात शेजारचा दिसला.

कोठीची खोली. मालन पाठमोरी, टाचा उचललेल्या, तोंड थोडं बाजूला. गाल फुगलेला, आत लाडू. आणि उजवा हात कानाला लागून सरळ वर, पितळी डबा फळीवर परत सारत. कवायतीत माझ्या एकाही पोराचा हात इतका सरळ गेला नसेल.

"कधीचा?" विचारलं. "संक्रांतीच्या आधीचा. मम्मींना माहीत नाही मी काढला ते."

म्हणजे पायरीवर उन्हात बसलो त्याच्याही आधीचा.

मी चष्मा काढून पुसला, परत लावला. मग त्या फोटोवर बोट ठेवलं. हा बाद. तेजस्वी म्हणाली, "पप्पा, हा? आणि वेणीचा?" मी म्हणालो, एकच ठरलं होतं ना? मग. आणि हा मालनला कधीही दाखवायचा नाही. तिनं का म्हणून विचारलं नाही. तसं ठरलंच होतं. फोटो उलटा करून तिनं पिशवीत घातला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "हंबीरकाका येणार आहेत, पप्पा." येऊ दे म्हणालो. काय म्हणायचं ते म्हणू दे.

आज सकाळी भिंतीचा व्यायाम. बोटं रोजच्या खुणेशी आली आणि थांबली. "बास, दुखतंय," ही म्हणाली. मी म्हणालो, राहू दे, खांद्याला वेळ लागतो. मिरजेचा नंबर रद्द केलाय. मग फणी घेतली.

डब्यात दोनच लाडू उरलेत. आजऱ्याला फोन करून अजून मागवायला पाहिजेत.